इक्बाल, खदीजा आणि आपली मुले

(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज बोलण्यासाठी मला ‘आत्मविश्वास’ हा विषय देण्यात आला आहे. या विषयावर आपल्याकडे भाषणे पुष्कळ होतात. वक्ता सांगतो, मुलांनो, स्वतःवर विश्वास ठेवा. मुले टाळ्या वाजवतात, चहा-बिस्किटे होतात, आणि सोमवारी वर्गात प्रश्न विचारला की उत्तर येत असूनही त्यांतली निम्मी मुले मान खाली घालून बसतात. म्हणून नुसता उपदेश न करता मी एका चित्रपटाचा आधार घेण्याचे ठरवले आहे. पुढच्या रांगेतील काही बुजुर्गांच्या भुवया वर गेलेल्या मला इथून दिसत आहेत. मास्तराने सिनेमाची वकिली करावी, हे त्यांना पटणार नाही. त्यांना माझी विनंती एवढीच, की थोडा वेळ मला सांभाळून घ्यावे. वाईट चित्रपट खूप आहेत हे मान्य. पण चांगली गोष्ट ज्या भांड्यातून मिळेल त्या भांड्यातून घ्यावी, असे मला वाटते.

चित्रपटाचे नाव ‘इक्बाल’. तो २००५ साली पडद्यावर आला. नागेश कुकुनूर हे त्याचे दिग्दर्शक. नायकाचे काम आपल्या मराठी मालिकांतून लोकांना माहीत झालेल्या श्रेयस तळपदे यांनी केले, आणि नायक असूनही त्यांच्या तोंडी संवाद नाही, कारण इक्बाल हा मुलगा जन्मतः मुका व बहिरा आहे. सामाजिक विषयावरील चित्रपट म्हणून त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि त्यातील दारुड्या प्रशिक्षकाच्या भूमिकेबद्दल नसीरुद्दीन शाह यांनाही मिळाला. तुमच्यापैकी ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगतो.

आंध्रातील एक खेडे. अन्वर नावाचा कष्टाळू शेतकरी, त्याची बायको, मुलगा इक्बाल आणि धाकटी मुलगी खदीजा. इक्बालला भारताच्या संघातून गोलंदाजी करायची आहे. म्हशी राखता राखता तो रानात यष्ट्या रोवतो आणि एकटाच चेंडू टाकत राहतो. अब्बाला हे सारे वेळेचे वाटोळे वाटते. पोराने शेतीत हात द्यावा एवढेच त्याचे म्हणणे. अम्मीला मात्र क्रिकेटचे वेड आणि मुलाच्या गुणाची पारख. खदीजा भावाची भाषा जाणते. त्याच्या हातांच्या खुणा ती बोलून दाखवते आणि लोकांचे बोलणे त्याला खुणांनी सांगते. तीच त्याला जवळच्या क्रिकेट अकादमीत घेऊन जाते. तिथले गुरुजी म्हणजे नामवंत माजी खेळाडू. ते त्याला घेतात. पण अकादमीला पैसा पुरवणाऱ्या एका श्रीमंत माणसाचा मुलगा तिथे फलंदाज आहे. त्याचे आणि इक्बालचे भांडण होते आणि गुरुजी इक्बालला बाहेर काढतात. इक्बाल निराश होऊन क्रिकेटची सगळी सामग्री जाळून टाकतो. पुढे गावातला मोहित नावाचा दारुडा हा एके काळचा चांगला क्रिकेटपटू होता, हे त्याला कळते. भाऊ-बहीण मिळून त्या माणसाला गळ घालतात आणि तो शिकवायला तयार होतो. नंतर रणजी सामने, भारतीय संघाचा उंबरठा, एक मोठे आमिष, आणि शेवटी यश. कपिल देव शेवटी स्वतःच येतात.

गोष्ट एवढीच आहे, आणि तिचा शेवट काय होणार हे पहिल्या दहा मिनिटांत कोणालाही कळते. तरीही मी ती पुन्हा पुन्हा पाहिली आहे.

इक्बाल या शब्दाचा अर्थ आपल्याला माहीत आहे: भाग्य, भरभराट. उर्दूत ‘इक्बाल करना’ म्हणजे कबूल करणे, असाही त्याचा वापर होतो. या मुलाच्या बाबतीत भाग्याने फारसे काही दिलेले नाही. त्याने मात्र एक गोष्ट मनाशी कबूल केलेली आहे, की मला हेच काम करायचे आहे. आता त्याचा आत्मविश्वास आला कुठून? मुलांना वाटते, आत्मविश्वास म्हणजे छाती पुढे काढून ‘मी करून दाखवीन’ असे म्हणणे. इक्बाल तर तसे म्हणूही शकत नाही. तो चेंडू टाकतो. चेंडू यष्टीला लागला की नाही, हे त्याचे त्याला दिसते. पुन्हा टाकतो. आज दहातले दोन लागले, काही महिन्यांनी पाच लागले, तर त्या तीन चेंडूंनी त्याला जो भरवसा दिला तो कोणाच्या भाषणाने मिळणार नाही आणि कोणाच्या टोमण्याने जाणारही नाही. फुशारकी आणि आत्मविश्वास यांत मला हाच फरक दिसतो. एकाला मोजमाप नको असते. दुसरा मोजमापावरच उभा असतो.

आता मी आपल्या शाळेकडे वळतो. आपल्या मुलांना जीभ आहे, कान आहेत, तरी त्यांतली पुष्कळ मुले मुकी आहेत. उर्दू शाळेतून दहावी होऊन अकरावीला मराठी किंवा इंग्रजी वर्गात आलेला मुलगा घ्या. घरी तो इतका बोलतो की दादी कान झाकून घेते. वर्गात तीन-तीन महिने त्याचा आवाज ऐकू येत नाही. त्याला उत्तर येत नसते असे नाही. ‘मी म्हैस पाहिला’ म्हटले की चार जण हसतील, ही भीती. पुढे हाच मुलगा तहसील कचेरीत दाखला मागायला जातो तेव्हा खिडकीसमोर उभा राहून मामूला पुढे करतो. बँकेत स्लिप भरायची तर शेजारच्याला विनवतो. हुशार मुले अशी लाजेने मुकी होतात, आणि आपण म्हणतो, ‘पोरगा फार गरीब स्वभावाचा आहे.’

गेल्या दोन वर्षांपासून नववीच्या वर्गात मी एक छोटा उद्योग करतो आहे. रोज पहिल्या तासाला चार मुलांनी मराठी वर्तमानपत्रातला एक परिच्छेद उभे राहून मोठ्याने वाचायचा. हसायचे नाही, हा एकच नियम. ज्याने त्याने किती ठिकाणी अडखळलो ते स्वतःच्या वहीत लिहायचे. एका मुलीच्या वहीत जूनमध्ये सतरा लिहिलेले होते, डिसेंबरात चार. तिला मी शाबासकी दिली नाही, कारण तिला तिची गरज उरली नव्हती. ती आकडे स्वतःच वाचत होती. सगळ्यांचे असे झाले नाही, हेही सांगतो. दोघे-तिघे अजून माझ्या नजरेला नजर देत नाहीत. एका पालकांनी मला विचारले, ‘सर, याने मार्क किती वाढतात?’ मी म्हटले, अजून मोजले नाहीत. पण तुमचा मुलगा परवा पोस्टात जाऊन स्वतः रजिस्टर करून आला, ते तुम्ही मोजले का?

यात खदीजाचे स्थान काय, हा माझ्या बोलण्याचा मुख्य भाग आहे. भावाला ऐकू येत नाही म्हणून त्याने जगाची भाषा शिकावी, असे ती म्हणत बसली नाही. तिने त्याची भाषा शिकून घेतली. आणि तो मोठा गोलंदाज होणार यावर तिने विश्वास ठेवला तो त्याचे नाव वर्तमानपत्रात येण्याच्या फार आधी, जेव्हा तो म्हशींमागे हिंडणारा पोरगा होता. मला असे वाटते, की मुलाच्या मनात आत्मविश्वास पहिल्या दिवसापासून नसतो. तो आधी घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी मनात असतो. मूल तो उसना घेते आणि मेहनतीने हळूहळू फेडते. आई असेल, चाचा असेल, एखादी शिक्षिका असेल. ज्याला असा एकही सावकार भेटला नाही, त्या मुलाला ‘स्वतःवर विश्वास ठेव’ म्हणणे म्हणजे रिकाम्या हंड्यात वाटी बुडवायला सांगण्यासारखे आहे.

आणि आपल्या घरांत आपण मुलांना काय उसने देतो? संध्याकाळी एखाद्या गल्लीतून फिरा. ‘तुझ्याच्याने हे होणार नाही.’ ‘शेजारच्याचा बघ.’ ‘आपल्याला कोण नोकरी देतंय, शिकून काय दिवे लावणार?’ शेवटचे वाक्य तर इतक्या घरांत ऐकू येते, की मुलाला ते पाढ्यांच्या आधी पाठ होते. मग आठवीतून पोरगा गॅरेजला जातो, बेकरीत जातो, आखातात असलेल्या मामूच्या पत्राची, आता फोनची, वाट बघत बसतो. गॅरेजचे काम हलके आहे असे मी म्हणत नाही. नाइलाजाने गेलेला आणि आवडीने गेलेला यांत फरक आहे, एवढेच म्हणतो.

कोणी म्हणेल, मास्तर, दारे खरोखरच बंद असतात. असतात. ते नाकारून मी तुमच्याशी खोटे बोलणार नाही. चित्रपटातही गुरुजी आपल्या वजनाने इक्बालसाठी मोठमोठ्या संघांची दारे बंद करतात. तेव्हा मोहित काय करतो? बंद दारांपुढे बसून राहत नाही. जिथे कोणी जायला उत्सुक नाही असा दुबळा संघ तो शोधतो आणि इक्बालला तिथे उभा करतो. आपल्याला बंद दारांची यादी तोंडपाठ असते. कुठली खिडकी उघडी आहे याची चौकशी मात्र आपण करीत नाही. एक उदाहरण देतो. व्यावसायिक अभ्यासक्रमांना शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या, आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास किंवा इतर मागास वर्गात मोडणाऱ्या मुलींचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने जुलै २०२४ मध्ये काढला. कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत हवे. आपल्यातल्या कितीतरी बिरादऱ्या इतर मागास वर्गाच्या यादीत आहेत. आज या मंडपात ही गोष्ट किती घरांना ठाऊक होती? हात वर करायला सांगत नाही, पण घरी गेल्यावर जातीच्या दाखल्याची फाइल काढून बघा.

आता अन्वरविषयी. चित्रपट पाहताना मुले त्याच्यावर चिडतात. मला तो वाईट माणूस वाटत नाही. त्याचा हिशेब चुकलेला नाही. रणजी करंडकात आज ३८ संघ खेळतात. प्रत्येकात अकरा जण मैदानावर. त्यांतून भारताचे अकरा. दीडशे कोटींच्या आसपास पोहोचलेल्या देशात आपला मुका-बहिरा मुलगा त्या अकरांत बसेल, असे मानणारा बाप शहाणा की वेडा? अन्वरच्या डोक्यावर जमिनीची चिंता आहे. मुलगा आपल्या माघारी कसा जगेल, ही भीती त्याच्या रागाच्या पोटात आहे. आपल्यातले बहुतेक बाप असेच आहेत. ते रागावतात, कारण त्यांना भीती वाटते. आणि भीती वाटते हे सांगायची आपल्या पुरुषांत रीत नाही.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, या चित्रपटातून तुम्ही ‘मनापासून इच्छा केली की सारे मिळते’ असा अर्थ काढू नका. चित्रपट ज्याला यश मिळाले त्याची गोष्ट सांगतो. ज्यांना मिळाले नाही त्यांच्यावर कोणी चित्रपट काढत नाही. तुमच्यापैकी कोणाला क्रिकेटपटू व्हायचे असेल तर जरूर व्हा, पण दहावीचे हॉल तिकीट खिशात ठेवून व्हा. आणि अब्बा रागावले तर रुसून उपाशी झोपण्याआधी एकदा विचारा, ‘अब्बा, तुम्हाला कसली काळजी वाटते?’ बघा काय उत्तर येते ते.

पडद्यावरचा इक्बाल काल्पनिक आहे, तेव्हा एक खरा माणूसही समोर ठेवतो. श्रीरामपूर आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. आजचा अहिल्यानगर जिल्हा, २०२४ पर्यंत ज्याला आपण अहमदनगर म्हणत होतो, त्यातले उसाच्या मुलखातले तालुक्याचे गाव. तिथला जहीर खान अभियांत्रिकीचा विचार बाजूला ठेवून मुंबईला खेळायला गेला, चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये वेगवान गोलंदाजी शिकला आणि २००० साली भारतीय संघात आला. इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. मी तुम्हाला पुढची सांगतो.

२३ मार्च २००३. जोहान्सबर्गला विश्वचषकाचा अंतिम सामना, समोर ऑस्ट्रेलिया. पहिले षटक जहीरच्या हाती. त्या एका षटकात १५ धावा गेल्या. चेंडू वाइड, नोबॉल, कुठेही पडत होता. ऑस्ट्रेलियाने ३५९ धावा केल्या आणि आपण १२५ धावांनी हरलो. साऱ्या देशाने ते षटक पाहिले आणि ज्याने त्याने आपापल्या परीने त्याला बोल लावले. पुढे दुखापती झाल्या. २००६ साली तो भारतीय संघाबाहेर होता. त्या उन्हाळ्यात तो इंग्लंडात वूस्टरशायर या काउंटीकडून खेळायला गेला. तिथे टीव्हीचा झगमगाट नाही, थंडी, पाऊस, रोज नवा गाव. त्याने आपला लांबलचक रनअप कमी केला. जो माणूस देशासाठी विश्वचषकाचा अंतिम सामना खेळला, तो चेंडू टाकण्याआधी किती पावले धावायचे हे पुन्हा पहिल्यापासून शिकत होता. त्या मोसमात त्याने ७८ बळी घेतले आणि वर्षअखेरीस तो भारतीय संघात परतला. २००७ साली इंग्लंडमध्ये ट्रेंट ब्रिजच्या कसोटीत त्याने ९ बळी घेतले. तो सामना आणि ती मालिका आपण जिंकलो.

मग २ एप्रिल २०११. मुंबईचे वानखेडे मैदान, पुन्हा विश्वचषकाचा अंतिम सामना, समोर श्रीलंका, आणि नवा चेंडू पुन्हा जहीरच्याच हाती. आठ वर्षांपूर्वीचे ते षटक त्याला आठवले नसेल का? त्याने पहिली तीन षटके निर्धाव टाकली. त्या सलग पाच षटकांत ६ धावा आणि एक बळी. शेवटी शेवटी त्यालाही मार बसला आणि दहा षटकांत ६० धावा, २ बळी असा त्याचा हिशेब झाला, तोही मी लपवत नाही. त्या स्पर्धेत त्याने २१ बळी घेतले, त्याच्याहून जास्त कोणाचे नव्हते. कसोटीत त्याचे ३११ बळी आहेत. पण माझ्या वर्गातल्या मुलांना मी हे आकडे सांगत नाही. मी त्यांना २००६ साल सांगतो. गणितात दोनदा नापास झालेल्या मुलाला मोठ्या माणसाची शतके आणि बळी ऐकून काही होत नाही. मोठ्या माणसालाही पावले पुन्हा मोजावी लागली, हे ऐकून मात्र त्याचे डोळे जरा वर येतात.

आता गुरुजींविषयी थोडे बोलावे लागेल, आणि ते या व्यासपीठावरून बोलताना माझा मलाच संकोच होतो. गिरीश कर्नाड यांनी हे काम केले आहे. गुरुजी अडाणी नाहीत, दुष्टही नाहीत. त्यांना इक्बालचा गुण ओळखता येतो. ओळखूनही ते देणगीदाराच्या मुलाची बाजू घेतात, कारण अकादमी चालवायची आहे. संस्था चालवणे किती जिकिरीचे असते, हे मी इथे रोज पाहतो. वर्गखोलीवर पत्रा टाकायचा तर कोणाच्या तरी दारात जावे लागते. तरीही पदाधिकाऱ्यांना हात जोडून माझी विनंती आहे, की देणगीची पावती आणि प्रवेशाची यादी ही दोन पुस्तके एका टेबलावर कधी येऊ नयेत. संमेलनात पाहुण्यांचे स्वागत करायला कोणता मुलगा उभा राहतो, नाटकात मुख्य काम कोणाला मिळते, हे मागच्या बाकावरची मुले फार बारकाईने पाहत असतात. तिथे एकदा त्यांना कळले की आपला नंबर गुणाने लागत नाही, की पुढे कितीही भाषणे दिली तरी ती ऐकत नाहीत.

उलट मोहित. दारूत बुडालेला, गावाने ओवाळून टाकलेला. त्याला कोणी सुधारायला गेले नाही. एका मुलाने त्याच्यासमोर उभे राहून शिकवा म्हटले, तेही खुणांनी, आणि त्याच्यातला जुना खेळाडू जागा झाला. माझ्या शिक्षक बंधुभगिनींना हे सांगायला नको. दुपारच्या शेवटच्या तासाला, पंख्याची वीज गेलेली असताना, एखादे पोर विचारते, ‘सर, हे असेच का?’ आणि आपला थकवा उतरतो. विद्यार्थीही शिक्षकाला विश्वास देतो. तो हिशेब एकतर्फी नसतो.

एका ठिकाणी चित्रपट मला सोपा वाटला. गुरुजी इक्बालला पैसे देऊ करतात, की माझ्या फलंदाजाला वाईट चेंडू टाक, म्हणजे त्याची निवड होईल. घरची जमीन अडचणीत आहे, म्हणून इक्बाल राजी होतो आणि खरोखर वाईट चेंडू टाकू लागतो. मोहित मग पैशाची दुसरी, सरळ वाट शोधून आणतो आणि इक्बाल पुन्हा आपल्या गोलंदाजीवर येतो. खऱ्या आयुष्यात अशी दुसरी वाट ऐन वेळी दारात येऊन उभी राहत नाही. एखाद्या मुलाला परीक्षेत कॉपी पुरवणारा भेटतो, एखाद्याला नोकरीसाठी पैसे मागणारा भेटतो, आणि घरात अडचण तर असतेच. तेव्हा नाही म्हणायला जो भरवसा लागतो, तो चेंडू यष्टीला लागण्याच्या भरवशाहून फार मोठा. चित्रपटाने इक्बालला तिथे थोडे अधिक ताणायला हवे होते, असे माझे मत आहे.

ज्यांच्या घरी खरोखरच ऐकू न येणारे मूल आहे, त्या पालकांशी दोन शब्द. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात श्रवणदोष असलेल्या व्यक्ती ५० लाखांहून अधिक नोंदल्या गेल्या. अशी मुले आपल्या मोहल्ल्यांतही आहेत. आपण त्यांचे खरे नाव सोडून ‘गुंगा’ हेच नाव ठेवतो आणि पाहुणे आले की त्यांना आतल्या खोलीत पाठवतो. मूल लहान असतानाच कानांची तपासणी करून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे ४० टक्के किंवा अधिक अपंगत्वाचे प्रमाणपत्र असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. तो शेजारच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत घेता येतो. भारतीय सांकेतिक भाषेचा पहिला शब्दकोश २०१८ साली ३००० शब्दांचा निघाला आणि २०२१ पर्यंत तो १०,००० शब्दांचा झाला. म्हणजे खदीजाला जे स्वतःच्या मनाने जुळवावे लागले, ते आता शिकता येते. फक्त घरातल्या एकाने तरी शिकायला हवे.

शेवटी पुन्हा खदीजाकडेच येतो. चित्रपटाला नाव इक्बालचे आहे आणि गोष्टही इक्बालच्या स्वप्नाची आहे. खदीजाचे स्वतःचे स्वप्न हा त्या गोष्टीचा विषय नाही. चित्रपटाला दोन तासांत एकच गोष्ट सांगायची असते, त्याला मी दोष देत नाही. पण आपल्या घरांना दोन तासांचे बंधन नाही. आपल्याकडे खदीजा घरोघरी आहेत. भावाचा अभ्यास घेतात, अब्बाचे अर्ज भरतात, दादीच्या औषधांचे कागद वाचतात, मोबाइलवर वीजबिल भरतात. साऱ्या घराचा आवाज त्या असतात. आणि दहावी झाली, हायस्कूल पलीकडच्या गावात आहे, एसटीची वेळ अडचणीची आहे, की ठरते: मुलीने आता घरी बसावे. भावाला नापास होऊनही तिसरी संधी मिळते. ती पहिल्या वर्गात पास होऊन थांबते. गेल्या वर्षी आपल्या शाळेतून दहावी झालेल्या मुलींपैकी पाच जणींची नावे अकरावीच्या कुठल्याच यादीत मला सापडली नाहीत. त्यांच्या घरी मी गेलो. चहा सगळ्यांनी दिला. दोघींच्या वडिलांनी या जूनमध्ये फॉर्म भरण्याचे कबूल केले आहे, आणि त्यांतले एक जण आज या मंडपात बसले आहेत. त्यांचे नाव मी घेत नाही, पण माझे लक्ष त्यांच्याकडे आहे. उरलेल्या तिघींचे फॉर्म माझ्या पिशवीत आहेत. एसटीच्या वेळेसाठी आगार व्यवस्थापकांकडे अर्ज करायचा आहे. त्यावर जितक्या पालकांच्या सह्या होतील तितके बरे. अर्ज बाहेरच्या टेबलावर ठेवला आहे.

दुपारच्या जेवणानंतर, जोहरची नमाज झाली की, याच सभागृहात ‘इक्बाल’ दाखवण्यात येणार आहे. सतरंज्या कमी आहेत, तेव्हा मुलांनी भिंतीकडेने बसावे. पुढच्या चार रांगा मुलींसाठी राखून ठेवल्या आहेत.